तलवारीचीं चित्रें : पातें फिरंगी, मूठ मराठी

शस्त्रांच्या इतिहासांत 'फिरंग' म्हणून एक तलवार प्रसिद्ध आहे. तिचें लांब, सरळ पातें युरोपांतून समुद्रमार्गें आलेलें, किंवा तशा पात्याच्या धर्तीवर घडविलेलें असे. तिची मूठ मात्र दख्खनी कारागिराच्या हातची असे. पातें कोणत्या गांवच्या भट्टींतून निघालें याची चौकशी लढणारा करीत बसत नसे. तें आपल्या मुठींत नीट बसतें कीं नाहीं, एवढेंच तो पाही. मराठी पडद्यावर जीं तलवारीचीं चित्रें अवतरलीं त्यांची जातकुळीहि अशीच आहे. त्यांचें पातें युरोपचें, मूठ आपली. ही मूठ कोणीं बसविली, आणि ती बसविल्यावर त्या पात्याचा उपयोग कसा पालटला, हें सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे. विवेचनाची मुख्य भूमि म्हणून आम्ही सोलापूर शहर घेतलें आहे. त्याचें कारण पुढें आपोआप स्पष्ट होईल.

सुशिक्षित कुटुंबांत असल्या चित्रांचा विषय निघाला कीं बहुधा दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, राजवाड्यांतलीं कारस्थानें, तटावरून उड्या, जिन्यावरची तलवारबाजी आणि शेवटीं नायिकेची सुटका हा निव्वळ पोरखेळ असून इतिहासाशीं त्याचा काडीचाहि संबंध नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो, शाळेंतल्या पुस्तकानें जें साधत नाहीं तें असलें एक चित्र साधतें. मुलांना पूर्वजांचा अभिमान वाटूं लागतो, मग तपशील चुकले म्हणून काय बिघडलें? आमच्या मतें दोन्ही पक्ष चित्राकडेच टक लावून बसले आहेत. चित्र पाहणाऱ्याकडे कोणाचेंच लक्ष नाहीं. तलवारीच्या चित्राचा अर्थ पुष्कळ वेळां चित्रगृहाच्या दाराबाहेर काय चाललें आहे यावर ठरतो. एकच तलवार पॅरिसमध्यें करमणूक ठरते आणि १९३० सालच्या मुंबई इलाख्यांत राजद्रोहाच्या सीमेवर जाऊन उभी राहते, याचें दुसरें समाधानकारक कारण देतां येत नाहीं.

प्रथम पात्याचें जन्मस्थान पाहूं. १९०८ सालीं फ्रान्समध्यें गीझच्या ड्यूकच्या खुनावर एक लहानसें चित्र निघालें. अवघ्या पाव तासाच्या या चित्रासाठीं पॅरिसच्या नामांकित रंगभूमीवरचे नट आले होते, आणि त्याचें संगीत सँ-साँससारख्या प्रख्यात संगीतकारानें रचलें होतें. विषय खरा घडलेला होता. १५८८ च्या डिसेंबरांत फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री यानें डोईजड झालेल्या गीझच्या ड्यूकास ब्ल्वा येथील वाड्यांत आपल्या दालनाकडे बोलावून घेतलें आणि शरीररक्षकांकडून त्याला भोसकून मारविलें. सावधगिरीची चिठ्ठी, तिच्याकडे केलेलें दुर्लक्ष, दाराआड दबा धरून बसलेले मारेकरी, हीं सर्व अंगें या चित्रांत आहेत. जत्रेंतली गंमत म्हणून जन्मलेल्या सिनेमाला राजवाड्याची प्रतिष्ठा मिळवून देण्यांत या चित्राचा मोठा वांटा आहे.

परंतु खून म्हणजे साहस नव्हे. कारस्थानाला हंसतमुख नायक जोडून देण्याचें काम फ्रेंच कादंबरीनें आधींच करून ठेवलें होतें. अलेक्झांद्र द्यूमाची 'थ्री मस्केटिअर्स' ही कादंबरी १८४४ सालीं निघाली. तिच्यांत राजा, राणी आणि मुत्सद्दी कार्डिनल रिशल्यू हीं इतिहासांतलीं खरीं माणसें आहेत. पण वाचक ज्यांच्या पाठीमागें धांवतो ते चार तलवारबहाद्दर इतिहासाच्या समासांतून उचललेले आहेत. पुढें अमेरिकेंतल्या डग्लस फेअरबँक्स या नटानें हाच साचा पडद्यावर आणला. १९२० सालीं 'मार्क ऑफ झोरो', १९२१ सालीं 'थ्री मस्केटिअर्स', १९२२ सालीं 'रॉबिन हूड' आणि १९२४ सालीं 'थीफ ऑफ बगदाद' अशीं त्याचीं चित्रें एकामागून एक आलीं. कथा जुन्या जगाच्या, भांडवल नव्या जगाचें, असा हा मिलाफ होता. हिंदुस्थानांत त्यांचें अपूर्व स्वागत झालें. १९२७-२८ सालीं दिवाणबहादूर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालीं सिनेमाची चौकशी करणारी जी समिति नेमली गेली, तिच्यापुढें 'थीफ ऑफ बगदाद' या चित्राच्या लोकप्रियतेचा उल्लेख ठळकपणें आला.

या साच्याचीं अंगें तीन : कट, तलवार आणि इभ्रत. कट नेहमीं बंद दालनांत शिजतो, तलवार उजेडांत चालते, आणि इभ्रत राजाची किंवा राणीची असते. नायक कितीहि बंडखोर दिसला तरी त्याची तलवार शेवटीं खऱ्या राजाला त्याच्या गादीवर नेऊन बसविते आणि मग म्यानांत जाते. ज्या देशांत राजेरजवाड्यांचे वाडे संग्रहालयें झाले होते, तेथें ही गोष्ट निर्धास्तपणें सांगतां येत होती. पॅरिसचा प्रेक्षक चित्र संपल्यावर टोपी घालून घरीं जाई; त्याच्या मनांत कोणताहि अपुरा राहिलेला हिशेब नसे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. कट आणि तलवार हा माल आपल्याला परदेशांतून आणावा लागला असें कोणीं समजूं नये. ब्ल्वाच्या खुनाच्या पाऊणशें वर्षें आधीं दख्खनमध्यें जें नाट्य घडलें, त्याचा पहिला अंक सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यापाशीं झाला. विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलशहा १५१० सालीं वारला. गादीवर आलेला इस्माईल अल्पवयी होता; कारभार कमालखान या सरदाराच्या हातीं गेला. कमालखानानें १५११ सालीं सोलापूरला वेढा घातला आणि तीन महिन्यांच्या झुंजीनंतर किल्लेदार जैनखानाकडून किल्ला ताब्यांत घेतला. या यशानें त्याचें डोकें फिरलें. विजापुरास परत येऊन बालराजाला पदच्युत करण्याचा त्याचा बेत ठरला. पण ज्योतिषांनीं कांहीं दिवस अशुभ सांगितल्यामुळें तो तेवढे दिवस आपल्या वाड्यांत स्वस्थ बसून राहिला.

बालराजाची आई बुबूजी खानम ही मुकुंदराव नांवाच्या मराठा सरदाराच्या घराण्यांतली. तिनें या अवधीचा उपयोग करून घेतला. यूसुफ नांवाच्या एका विश्वासू तुर्कानें मक्केच्या यात्रेस जाण्यासाठीं रजा मागण्याचें निमित्त केलें आणि कमालखानाची भेट मिळविली. खानानें निरोपाचा विडा देण्यासाठीं हात पुढें केला, तोंच यूसुफानें लपविलेली कट्यार काढून त्याला ठार केलें. स्वतः यूसुफहि तेथेंच मारला गेला. पण कमालखानाची आईहि कांहीं कमी नव्हती. तिनें आक्रोश करणाऱ्यांचीं तोंडें बंद केलीं, मुलाचें प्रेत कपडे घालून सज्जांत जिवंत माणसासारखें बसविलें, आणि नातू सफदरखान याला राजवाड्यावर हल्ला करण्यास पाठविलें. वाड्यांत मोजकीं माणसें होतीं. राजघराण्यांतली दिलशाद आगा ही चिलखत चढवून, धनुष्य हातीं घेऊन त्यांच्यांत उभी राहिली. सफदरखानाच्या डोळ्यांत बाण घुसला. तो भिंतीच्या आडोशाला आला, आणि वर उभ्या असलेल्या बालराजानें एक जड दगड खालीं लोटून त्याचा शेवट केला. विजापूरच्या दरबारीं राहून लिहिणाऱ्या फरिश्त्यानें ही सर्व हकीकत दिली आहे.

एवढें सर्व होऊनहि सोलापूरचा प्रश्न सुटला नाहीं. १५२४ सालीं सोलापुरासच विजापूर व अहमदनगर यांची भेट होऊन इस्माईलच्या बहिणीचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशीं झाला. या लग्नांत सोलापूर आंदण द्यावयाचें ठरलें होतें असें अहमदनगरचें म्हणणें. विजापूरला तें मान्य नव्हतें. यावरून पिढी दीड पिढी लढाया झाल्या. शेवटीं चांदबिबीचा विवाह अली आदिलशहाशीं झाला तेव्हां हाच किल्ला तिच्याबरोबर आंदण म्हणून विजापूरकडे आला, आणि त्या सोयरिकींतून जमलेली एकजूट १५६५ च्या जानेवारींत विजयनगरच्या सैन्यावर तुटून पडली. एका किल्ल्याच्या किल्ल्या दोनदां वधूच्या पेटाऱ्याशीं जोडल्या जाव्या, अशी कथा द्यूमाच्या हातीं पडती तर त्यानें तिचे चार खंड केले असते.

मग ही कथा आपल्या पडद्याची आवडती कां झाली नाहीं? आमच्या मतें त्याचें उत्तर सोपें आहे. तिच्यांत कट आहे, तलवार आहे, पण प्रेक्षकानें आपलें मन ज्याच्यापाशीं ठेवावें असा नायक नाहीं. कमालखान दगलबाज खरा. पण त्याचा काटा विश्वासघातानेंच काढला गेला. दख्खनी आणि परदेशी सरदारांची चुरस हें त्या सगळ्यामागचें खरें कारण. आणि चुरशीला तोंड नसतें, म्हणून तिचें चित्र काढतां येत नाहीं. खऱ्या इतिहासांत जेथें दोन्ही बाजू काळ्याकरड्या असतात तेथें साहसचित्र अडखळतें. त्याला पांढरा आणि काळा असे दोनच रंग लागतात. १९२० च्या पुढें मराठी माणसाच्या मनांत हे दोन रंग स्पष्टपणें वेगळे झाले होते; त्यासाठीं त्याला विजापूरचा दरबार नको होता, सह्याद्रीचे गड हवे होते.

मूठ बसविण्याचें काम कोल्हापुरांत झालें. बाबूराव पेंटर हे मूळचे चित्रकार आणि कारागीर. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें १९२० सालीं 'सैरंध्री' काढला. त्यांतील कीचकवध इतका हुबेहूब वठला होता कीं तो कापण्याची पाळी आली. १९२३ सालीं त्यांनीं 'सिंहगड' पडद्यावर आणला. कथा हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीची. १६७० सालच्या फेब्रुवारींत तानाजी मालुसरे कोंढाण्यावर चढून गेले, उदेभानाशीं लढतां लढतां पडले, आणि गड मात्र हातीं आला, हा तिचा ऐतिहासिक कणा. त्याभोंवतीं हरिभाऊंनीं कमलकुमारीचें कल्पित कथानक गुंफलें होतें. रात्रीचा कडा आणि त्यावर चढणारे मावळे दाखविण्यासाठीं पेंटरांनीं कृत्रिम प्रकाशाचा अवलंब केला. आपल्याकडे तो प्रयोग नवा होता. वृद्ध शेलारमामाचें काम जेमतेम बाविशींतल्या एका तरुणानें केलें होतें. त्याचें नांव व्ही. शांताराम. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें, कारण याच माणसाच्या पाउलांमागून आम्हांला सोलापुरांत परत यावयाचें आहे.

या चित्रांत आणि फेअरबँक्सच्या चित्रांत वरवर पाहतां फरक थोडा आहे. दोहोंत कडे चढणें आहे, दोहोंत द्वंद्व आहे, दोहोंत पळवून आणलेली स्त्री आहे. परंतु एक मूलभूत भेद आहे. फेअरबँक्सचा नायक जिंकतो आणि जगतो. तानाजी जिंकतो आणि मरतो. फेअरबँक्सची तलवार गादीवरून ढकललेल्या राजाला परत बसविते. मावळ्यांची तलवार जी गादी अजून अस्तित्वांतच आलेली नाहीं तिच्यासाठीं चालते. युरोपांतली कथा मागें पाहते, आपली पुढें. पारतंत्र्यांतल्या प्रेक्षकाला ही पुढें पाहणारी नजर कोणीं शिकवावी लागली नाहीं.

ती नजर सरकारनेंहि ओळखली होती. १९१८ च्या कायद्यानुसार १९२० पासून चित्रें तपासणारीं मंडळें कामाला लागलीं होतीं. १९२१ सालच्या 'भक्त विदुर' या पौराणिक मूकपटांतला विदुर गांधींसारखा दिसतो म्हणून त्याच्यावर मद्रास आणि सिंध या भागांत बंदी आली. पण खरी कसोटी लागली ती १९३० सालीं. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनीं आदल्या वर्षीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी काढली होती. १९३० सालीं या कंपनीनें तलवारीचीं दोन चित्रें दिलीं. एकाचें नांव 'खुनी खंजर'; तें सरळ युरोपच्या साच्यांतलें साहसचित्र. दुसरें शिवाजीमहाराजांच्या तारुण्यावरचें, तोरणा घेतल्याच्या प्रसंगाचें. त्याचें नांव 'स्वराज्य तोरण' असें ठेवलें होतें, आणि महाराजांची भूमिका स्वतः शांतारामांनींच केली होती. खंजीर आणि खून हे दोन शब्द नांवांत मिरविणारें चित्र लोकांपुढें आलें. 'स्वराज्य' हा एक शब्द मात्र सेन्सॉरला सोसला नाहीं. ध्वज उभारण्याच्या दृश्यालाहि हरकत घेतली गेली. शेवटीं चित्राचें नांव 'उदयकाल' असें बदलून तें प्रदर्शित झालें.

वाचकांनीं या गोष्टीचा नीट विचार करावा. सरकारला तलवारीची भीति वाटत नव्हती. भीति होती ती एका शब्दाची आणि एका कापडाच्या तुकड्याची. ही भीति वेडगळ होती असें आज म्हणणें सोपें आहे; परंतु त्याच वर्षीं सोलापुरांत जें घडलें तें पाहिलें म्हणजे सेन्सॉरच्या मेजावर बसलेला माणूस आपल्या मालकाच्या हिताच्या दृष्टीनें फारसा चुकत नव्हता असेंच म्हणावें लागतें.

सोलापूर त्या वेळीं मोठें गिरणगांव होतें. १८७७ सालीं पहिली कापडगिरणी निघाल्यापासून पोटासाठीं आलेल्या मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू बोलणाऱ्या माणसांनीं तें भरून गेलें होतें. मूकपटाला याहून सोयीचें गांव मिळणें कठीण. तलवार कोणत्याहि भाषेंत बोलत नाहीं, म्हणून ती सर्वांना कळते. आणि मधल्या पाट्या तर त्या काळीं एकाहून अधिक भाषांतून दाखवीत असत. एकाच अंधाऱ्या खोलींत चार भाषांचीं माणसें एकाच क्षणीं श्वास रोखून बसावीं, ही गोष्ट कोणत्याहि राज्यकर्त्याला विचार करावयास लावणारी होती.

१९३० च्या मे महिन्याच्या आरंभीं गांधीजींना अटक झाली. सोलापुरांत हरताळ पडला, गिरण्या ओस पडल्या. ८ मे रोजीं जमावावर गोळीबार झाला. खवळलेल्या जमावानें पोलिसचौक्या आणि न्यायालयाची इमारत जाळली, दोन पोलिस मारले गेले. हा भाग झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. पण त्यानंतर जें झालें तें अधिक लक्षांत घेण्यासारखें आहे. पोलिस शहरांतून निघून गेले, आणि तीन-चार दिवस रस्त्यांची व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनीं पाहिली. १२ मे रोजीं लष्करी कायदा पुकारण्यांत आला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. राष्ट्रध्वज घेऊन फिरणें हा अपराध ठरला. गांधी टोपी डोक्यावरून उतरविली जाऊं लागली. पुढें पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखालीं मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें. चौघे चार समाजांतले होते. त्यांच्यावरचा आरोप सोलापूरकरांना कधींच पटला नाहीं.

आतां 'उदयकाल' आणि सोलापूर शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. कोल्हापूरच्या चित्रांत पडद्यावरचा ध्वज अडविला गेला आणि सोलापुरांत रस्त्यावरचा. दोन्ही ठिकाणीं आक्षेप एकाच वस्तूला होता. यावरून मराठी तलवारीच्या चित्राची मूठ किती घट्ट बसली होती हें दिसून येतें. फ्रेंच पात्याला महाराष्ट्रांत असा कांहीं पीळ पडला होता कीं चित्रांतली तलवार बाजूला ठेवून राज्यकर्ते तिच्या टोकाला बांधलेल्या अर्थाकडेच पाहत होते. हा त्या चित्रांचा खरा पराक्रम, आणि पहिल्या पक्षाला, म्हणजे त्यांना पोरखेळ म्हणणाऱ्यांना, आमचें हें उत्तर आहे.

पण दुसऱ्या पक्षालाहि आमचें एक सांगणें आहे. त्या चौघांच्या मृत्यूवर असल्या साच्याचें चित्र कसें काढणार? साहसचित्राला द्वंद्व लागतें, आणि फांसाशीं द्वंद्व करतां येत नाहीं. त्याला शेवटीं खलनायकाचें शीर किंवा शरणागति लागते. येथें पुढें होतें तें एक न्यायासन आणि कायद्याच्या पुस्तकांतलें कलम. तेथें हालचाल नाहीं, उडी नाहीं, घोडा नाहीं. एका कोठडींत बसलेला माणूस आणि त्याची वाट पाहणारी पहांट. तलवारीच्या चित्रानें प्रेक्षकाला शौर्य ओळखण्यास शिकविलें खरें. पण तें ज्या वेषांत दाखविलें त्या वेषाबाहेरचें शौर्य ओळखण्यास तें शिकवूं शकलें नाहीं. जो मुलगा शौर्य म्हणजे तलवार असें समजून मोठा होतो, त्याला धनशेट्टी किंवा कुर्बान हुसेन यांच्यांत काय पाहावें हें कळत नाहीं. ही उणीव लहान नव्हे.

ही उणीव प्रभातच्या मंडळींनाहि जाणवली असावी, असें त्यांच्या पुढच्या चित्रांवरून वाटतें. १९३३ सालीं त्यांनीं 'सिंहगड' पुन्हां, या वेळीं बोलपटाच्या रूपानें काढला. पण पुढच्याच वर्षींच्या 'अमृतमंथन' मध्यें कारस्थान आलें तें राजगुरूच्या डोळ्यांत. बळी देण्याची प्रथा बंद करणाऱ्या राजाचा खून धर्माच्या नांवानें घडवून आणला जातो. तेथें शत्रु माणूस नसून रूढि आहे. १९३६ सालच्या 'अमर ज्योति' मध्यें तलवार स्त्रीच्या हातीं गेली. दुर्गा खोटे यांनीं रंगविलेली सौदामिनी अन्यायाविरुद्ध उठून समुद्रावर लुटारूंची नायिका होते. चारशें वर्षांपूर्वींची ती चिलखत घातलेली दिलशाद आगा आम्हांला येथें आठवते. साचा तोच होता. पण त्याच्या पोटांत दरवेळीं नवा प्रश्न घातला जात होता.

आणि मग १९४६ सालीं शांताराम सोलापुरांत आले, म्हणजे त्यांचें चित्र आलें. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० सालीं सोलापुरांत झाला. १९३८ सालीं काँग्रेसनें चीनच्या मदतीसाठीं पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांत ते गेले. जपानी आक्रमणाशीं झुंजणाऱ्या सैनिकांवर त्यांनीं शस्त्रक्रिया केल्या, तिकडेच ग्वो छिंगलान या चिनी परिचारिकेशीं विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं तेथेंच त्यांनीं देह ठेवला. ख्वाजा अहमद अब्बास यांनीं त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकाच्या आधारें शांतारामांनीं 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढली आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. जो नट १९२३ सालीं शेलारमामा होऊन तलवार घेऊन उभा राहिला, १९३० सालीं शिवाजीमहाराज होऊन ज्यानें तोरणा घेतला, तोच १९४६ सालीं रोग्याच्या छातीला नळी लावणारा सोलापूरचा डॉक्टर झाला. त्याच्या हातीं शस्त्र होतें, पण तें शस्त्रवैद्याचें. तेवीस वर्षांत एका माणसाच्या हातांतलें पातें इतकें बदलावें, आणि तरीहि प्रेक्षकाला त्यांत शौर्यच दिसावें, ही आमच्या पडद्याच्या इतिहासांतली मोठी घटना आहे. तिची पुरेशी दखल घेतली गेली नाहीं असें आम्हांला वाटतें.

स्वातंत्र्यानंतर मूळ पात्याचें काय झालें, तेंहि थोडक्यांत सांगून टाकूं. १९५२ सालीं फ्रान्समध्यें 'फाँफाँ ला त्यूलिप' हें चित्र निघालें. पंधराव्या लुईच्या काळांतला एक दिलदार तरुण सैन्यांत भरती होतो आणि तलवार गाजवितो. पण चित्र सगळा वेळ राजांना, सेनापतींना आणि खुद्द युद्धालाच हंसत असतें. दोन महायुद्धांत होरपळलेल्या युरोपला तलवारीकडे पाहून हंसणें हाच एक मार्ग उरला होता. त्याच १९५२ सालीं आमच्याकडे भालजी पेंढारकरांचा 'छत्रपति शिवाजी' आला. त्यांत हंसण्याला जागा नव्हती. तेथें होती कृतज्ञता. आतां 'स्वराज्य' या शब्दावर कोणाची कात्री नव्हती. तीस वर्षें जी गोष्ट आडून सांगावी लागली ती समोरून सांगतां आली.

परंतु आडून सांगण्यांत जी धार असते ती समोरून सांगतांना राहतेच असें नाहीं. १९३० सालच्या चित्राचा प्रेक्षक तें चित्र आपल्या मनांत पुरें करी, कारण बाहेर तें अपुरें होतें. त्यानंतरच्या पिढ्यांना तें पुरें झालेलेंच मिळालें. जेव्हां बाहेर अडविणारा कोणी उरत नाहीं, तेव्हां तलवारीचें चित्र दोनच वाटांनीं जाऊं शकतें : एक तर तें फाँफाँप्रमाणें स्वतःकडे पाहून हंसूं लागतें, नाहीं तर नवा शत्रु शोधूं लागतें. पहिली वाट निरुपद्रवी आहे. दुसरी वाट निसरडी आहे. कारण ज्या तलवारीच्या टोकाला एके काळीं स्वराज्य हा शब्द बांधला होता, त्याच टोकाला शेजाऱ्याचें नांव बांधणें कांहीं फार कठीण नसतें. दख्खनच्या इतिहासांत मराठा घराण्यांतली बुबूजी खानम आदिलशाहीची गादी सांवरते, आणि सोलापूरचे धनशेट्टी आणि कुर्बान हुसेन येरवड्याच्या वधस्तंभावर एकाच दिवशीं चढतात, हें ज्याला ठाऊक आहे त्याला असल्या चित्राची फसगत लगेच ओळखतां येईल. ज्याला ठाऊक नाहीं त्याला तें शिकविण्याची जबाबदारी चित्रगृहाची नसून घराची आहे.

तलवारीचीं चित्रें पाहूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. तीं अवश्य पाहावीं, मुलांना दाखवावीं, आणि पाहून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा : ही तलवार कोणाच्या हातांत आहे, यापेक्षां ती कशासाठीं उपसली आहे? सोलापुरांत आज भुईकोट किल्ला उभा आहे, चार हुतात्म्यांचे पुतळे उभे आहेत, आणि डॉ. कोटणीसांचें स्मारकहि आहे. साहसचित्र काढणारा माणूस तेथें गेला तर त्याचे पाय आपोआप किल्ल्याकडे वळतील, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. मात्र त्या किल्ल्याच्या तटांवर जेवढें शौर्य झालें त्याहून जें तसूभरहि कमी नाहीं, असें शौर्य उरलेल्या दोन ठिकाणीं शस्त्रावांचून स्मरणांत उभें आहे. तें ओळखणारी नजर ज्या घरांत तयार होईल, त्या घराला पडद्यावरच्या तलवारीपासून कांहीं भय नाहीं.